सुरतेच्या डॉक्टरीणबाई

सुरतेचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे शिवछत्रपतींची स्वारी, इंग्रजांची वखार आणि तापीकाठची श्रीमंत पेठ उभी राहते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात सुरतेचा धडा बहुधा तेथेच संपतो. पण याच शहरात एका मराठी बाईने वीस वर्षांहून अधिक काळ स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा वाहिली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई. त्यांचे नाव आपण ऐकतो ते एका गाजलेल्या खटल्यातील प्रतिवादी म्हणून. खटल्याचा निकाल लागतो आणि आपण पान उलटतो. वस्तुतः तो खटला चार वर्षे चालला. रुग्णसेवा मात्र पुढे सुमारे पस्तीस वर्षे चालली. खरी रखमाबाई या दुसऱ्या भागात आहे.

त्यांचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी सुतार समाजातील कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे मुलगी अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई ऐन सतराव्या वर्षी विधवा झाल्या. पुढे काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा घरात रखमाबाईंना पुस्तकांची गोडी लागली नसती तरच नवल. परंतु रूढी त्या घरालाही चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, वाचू लागल्या आणि विचार करू लागल्या.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. पाठीवरचा हात गेला, पण मुलगी डगमगली नाही. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने पत्रे आली. बालविवाहामुळे मुलीचे शरीर आणि मन दोन्ही कशी कोमेजून जातात, हे त्यांत निर्भीडपणे मांडले होते. ती पत्रे रखमाबाईंचीच होती, हे पुढे उघड झाले. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली! देशभर खळबळ उडाली. बेहरामजी मलबारी आणि पंडिता रमाबाई त्यांच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्य टिळकांसारखे नेते विरुद्ध बाजूला होते. अखेर जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली आणि तुरुंग टळला.

योगायोग असा की, या हुकुमाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन झाले होते. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेल्या त्या तरुण डॉक्टरला रुग्णसेवेची संधीच मिळाली नाही. ती अपुरी राहिलेली वाट पुढे चालण्याचे काम जणू रखमाबाईंच्या वाट्याला आले. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. हितचिंतकांनी निधी उभा केला. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. घेऊन त्यांनी शिक्षण पुरे केले. मायदेशी परतल्यावर काही काळ कामा रुग्णालयात काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या.

येथून त्यांची खरी कसोटी सुरू झाली. इमारत होती, औषधे होती, लंडन-ब्रुसेल्सची विद्या होती. नव्हते ते रोगी! पडदा पाळणाऱ्या घरांतील बाया पुरुष डॉक्टरला नाडीदेखील दाखवीत नसत, म्हणून तर अशी स्त्रियांची रुग्णालये निघाली होती. पण तेथे स्त्री-डॉक्टर असली तरी पाय उंबरठ्याबाहेर पडत नसे. बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि सुईण, हाच शिरस्ता. रुग्णालयात गेलेली बाई जिवंत परतत नाही, अशी समजूत घट्ट होती. नाइलाज झाल्यावर, शेवटच्या घटकेला बाईला आणायचे, ती दगावायची आणि समजुतीला आणखी एक पुरावा मिळायचा. भयातून उशीर, उशिरातून मृत्यू आणि मृत्यूतून पुन्हा भय, असे ते चक्र होते.

हे चक्र मोडायचे कसे? त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. रखमाबाईंनी म्हणे एक गाभण शेळी रुग्णालयात आणविली आणि तिथे तिची सुखरूप सुटका केली. शेळी आणि करडू दोन्ही धडधाकट आहेत हे पाहून बायांची भीड चेपली आणि त्या हळूहळू येऊ लागल्या. गोष्ट साधी आहे. पण तिच्यातील शहाणपण फार मोठे आहे. अडाणी म्हणून त्यांनी त्या बायांना झिडकारले नाही, की पांडित्याची व्याख्याने झोडली नाहीत. समोरच्या माणसाला पटेल असा पुरावा त्याच्या डोळ्यांपुढे ठेवला. आधी भय उतरविले, मग औषध दिले. न्यायालयात उभे राहून सगळ्या देशाची बोलणी सोसलेल्या बाईला भयाची जात नेमकी ओळखता येत असली पाहिजे.

रुग्णालय एकट्या डॉक्टरच्या बळावर चालत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. त्या काळी परिचारिकेच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती, सुईणीच्या कामाला विटाळाची बाधा होती. ज्या हातांनी जन्म होतो ते हात समाजाने दूर ठेवले होते. अशा स्थितीत परिचारिका, दाई आणि आया यांना एका शिस्तीत आणि एका विश्वासात बांधणे हे शस्त्रक्रियेइतकेच अवघड काम होते. रोगी सर्व जातींचे आणि धर्मांचे, बोली गुजराती, आणि प्रमुख मुंबईची मराठी बाई. मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदणाऱ्या आपल्या महाविद्यालयात हे वेगळे समजावून सांगायला नको. दुखणे माणूस आपल्याच भाषेत सांगतो. ऐकणाऱ्याने ती भाषा आपलीशी करावी लागते.

त्यातच प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली साथ रेल्वेच्या वाटेने गुजरातेतही शिरली. घरांची झडती, रोग्यांना वेगळे काढणे, अफवा आणि पळापळ यांनी लोक भांबावून गेले. पुण्यात याच असंतोषातून जून १८९७ मध्ये रँडचा वध झाला. अशा दिवसांत रखमाबाई सुरतेतच राहिल्या आणि काम करीत राहिल्या. गुजरातेने १८९९-१९०० चा भीषण छप्पनिया दुष्काळही सोसला. संकटे येत गेली. रुग्णालयाचे दार उघडे राहिले.

१९०४ मध्ये दादाजी वारले. ज्या विवाहाला त्यांनी कधी विवाह मानले नाही, त्याच्या नावाने त्यानंतर त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे घातली. पुष्कळांना हे कोडे वाटते. ती रूढीपुढची शरणागती होती, की ज्या बायांत काम करायचे त्यांना आपण परके वाटू नये ही जाणीव? निर्णय वाचकांनी करावा. एवढे खरे की त्या पांढऱ्या साडीने त्यांची लेखणी बांधली गेली नाही. पुढे १९२९ मध्ये त्यांनी पडदापद्धती नष्ट व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली.

१९१८ च्या सुमारास स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेतील सरकारी पद त्यांनी नाकारले आणि राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या. तेथूनच त्या निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

रखमाबाई मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. त्यांच्या काळी मनाने खचलेल्या बाईसाठी एक तर देवऋषी होता, नाहीतर १८५८ च्या कायद्याखाली चालणारे वेड्यांचे इस्पितळ. आज काळ बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस सामान्यतः तीव्र ताणाखाली असतो असे धरून त्याला शिक्षेऐवजी आधार देण्याची दिशा घेतली. संकटात सापडलेल्या मनांसाठी केंद्रे निघत आहेत आणि आपल्यापैकी काहीजण उद्या तेथे काम करतील, कदाचित पथकाचे प्रमुखही होतील. त्यांनी सुरतेचे ते रिकामे रुग्णालय आठवावे. दार उघडून बसल्याने माणसे आत येत नाहीत. ज्या भयाने ती बाहेर थांबलेली असतात, ते भय आधी समजून घ्यावे लागते. कैदेच्या धमकीने स्वतःचे मन बदलत नाही हे रखमाबाई अनुभवाने जाणत होत्या. म्हणूनच त्यांनी दुसऱ्याचे मन धाकाने बदलू पाहिले नाही.