बाबासाहेबांचा मधुमेह आणि तुमच्या मूत्राशयाची तपासणी

मधुमेह म्हणजे फक्त रक्तातली साखर नव्हे. तो हळूहळू नसांनाही इजा करतो. हे समजण्यासाठी तुमच्या परिचयाचे एक आयुष्य पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे ते शिकले. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह केला, १९४७ मध्ये देशाचे पहिले कायदामंत्री झाले. राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता, त्याच काळात मधुमेहाने त्यांना गाठले होते. पायांतल्या नसा ठणकत, झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. सविताबाई झालेल्या या डॉक्टर पत्नीने पुढे त्यांचे पथ्यपाणी सांभाळले.

१९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडारा लोकसभा पोटनिवडणूक लढवली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी तब्येत ढासळली, नजरही अधू झाली. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

तुमच्यासाठी यात काय?

बाबासाहेबांच्या नसांचा त्रास पायांत होता. मधुमेहात मूत्राशयाच्या नसांनाही अशीच इजा होऊ शकते. मग लघवीची जाणीव उशिरा होते, धार बारीक होते, लघवी पूर्ण होत नाही किंवा नकळत गळते. पाय दुखतात तसे हे दुखत नाही, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. अशी लक्षणे असतील तर डॉक्टर युरोडायनॅमिक चाचणी सुचवू शकतात.

चाचणी कशी होते?

आधी लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासतात. मूत्राशय भरलेले ठेवून या. एका खास भांड्यात लघवी करायला सांगतात. त्यावरून धारेचा वेग मोजला जातो. नंतर किती लघवी शिल्लक राहिली ते पाहतात. मग एक बारीक नळी मूत्राशयात आणि एक गुदद्वारात घालून मूत्राशय सलाइनने सावकाश भरतात. लघवीची जाणीव पहिल्यांदा कधी झाली ते सांगा, लाजू नका. मध्येच खोकायलाही सांगतात. साधारण अर्धा ते एक तास लागतो. भूल लागत नाही. थोडे अवघडल्यासारखे वाटते.

नंतर एक-दोन दिवस किंचित जळजळ होऊ शकते. भरपूर पाणी प्या. ताप, थंडी, लघवी अडकणे किंवा जास्त रक्त दिसल्यास लगेच डॉक्टरांना गाठा. तुमची सर्व औषधे आधीच सांगा. कोणतेही औषध मनाने बंद करू नका.

नसांचे दुखणे असूनही बाबासाहेब काम करत राहिले. तुम्ही मात्र हा त्रास अंगावर काढू नका.