बालगंधर्व: नाटकातली रुक्मिणी सिनेमात का चालली नाही?

स्टेजवर दोन पुरुष. एक नायक, दुसरा साडी नेसलेला, दागिने घातलेला. पण प्रेक्षकांना दिसायचं ते प्रेमात पडलेलं जोडपं. मराठी रंगभूमीवर ही जादू सगळ्यात जास्त कुणाला साधली असेल, तर ती नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्वांना.

१८८८ मध्ये जन्मलेले नारायणराव १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आणि 'एकच प्याला'मधली सिंधू या भूमिकांनी ते घराघरांत पोहोचले. त्यांच्या साड्या आणि दागिने पाहून बायका तशी फॅशन करायच्या.

संगीत नाटकातल्या प्रणयात मिठी किंवा चुंबनाची गरज नव्हती. रुक्मिणीची कृष्णाबद्दलची ओढ पदांमधून कळायची. प्रेक्षक 'वन्स मोअर' द्यायचे आणि ती ओढ आणखी लांबायची. स्टेज आणि खुर्ची यांच्यात अंतर होतं. उरलेलं चित्र प्रेक्षक मनातच पूर्ण करायचा.

कॅमेऱ्याने हेच अंतर मिटवलं. सुरुवातीला सिनेमातही पुरुषच नायिका व्हायचे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके. त्याच वर्षी बालगंधर्वांनी गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र होते हेच गोविंदराव, पण आता त्यांच्यासमोर तारामती म्हणून दुर्गा खोटे उभ्या होत्या.

बोलपटांनी नाटकांचा प्रेक्षक ओढून नेला. कर्जात अडकलेले बालगंधर्व १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ झाले. पुरुषवेशातले बालगंधर्व लोकांना फारसे रुचले नाहीत. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'मध्ये ते पुन्हा स्त्रीवेशात आले. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. स्टेजवर पदाच्या सुरात विसरला जाणारा चेहरा पडद्यावर स्पष्ट दिसत होता. तो सिनेमाही चालला नाही.

ते पुन्हा नाटकाकडे वळले. १९३८ मध्ये गोहर कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. ज्या जागेवर बालगंधर्वांनी राज्य केलं, तिथं आता खुद्द त्यांच्याच कंपनीत एक स्त्री उभी होती.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या पदांची रेकॉर्डिंग्ज आजही ऐकली जातात. तिथं चेहरा दिसत नाही. म्हणूनच कदाचित रुक्मिणी अजूनही भेटते.