टायलेनॉलमागचे शास्त्रज्ञ : ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड

डोकं दुखलं की इथे आपण टायलेनॉल घेतो, तिकडे क्रोसिन. दोन्हीत औषध एकच, पॅरासिटामॉल. त्याचं महत्त्व जगाला पटवून देणाऱ्यांपैकी एक ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड.

त्यांचा जन्म १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील टोपल्या विणत. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण प्रवेश मिळाला नाही. म्हणून प्रयोगशाळेत नोकरी धरली. तिथे अमोनियाची बाटली फुटून एक डोळा गेला.

१९४६ मध्ये बर्नार्ड ब्रोडी यांच्याबरोबर त्यांनी एक कोडं हाती घेतलं. अ‍ॅसिटॅनिलाइड या वेदनाशामकाने काहींच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटत असे. ती का? तपासाअंती कळलं की शरीरात या औषधाचं रूप बदलतं. थोड्या भागाचं अ‍ॅनिलिन होतं, ते रक्ताला बाधतं. बराचसा भाग पॅरासिटामॉल होतो आणि वेदना तोच शमवतो. मग तेच का देऊ नये? हे संशोधन १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं.

पुढे त्यांनी यकृतातली, औषधांवर प्रक्रिया करणारी एन्झाइम्स शोधली. पीएच.डी. मिळाली १९५५ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर! मज्जातंतूंच्या रसायनांवरील कामासाठी १९७० चं नोबेल त्यांना दोघांसह विभागून मिळालं. २००४ मध्ये ते गेले.

पॅरासिटामॉलचा निचराही यकृतच करतं, आणि अतिमात्रा झाली तर तेच निकामी होऊ शकतं. तेव्हा भारतातून आलेल्या आई-बाबांना जरूर सांगा, क्रोसिनवर टायलेनॉल घेऊ नका. नावं दोन असली तरी यकृत एकच आहे.