मा-रॉबर्टची बैलगाडी

सन १८५० च्या एप्रिल महिन्यात आफ्रिकेतील कोलोबेंग या खेड्यातून छताच्या बैलगाड्यांचा एक लहानसा तांडा उत्तरेच्या दिशेने निघाला. पुढे कलहारीचे वाळवंट होते. गाडीत चार वर्षांचा रॉबर्ट, तीन वर्षांची होऊ घातलेली ॲग्नेस आणि जेमतेम वर्षाचा टॉमस ही तीन भावंडे होती. त्यांची आई मेरी चौथ्यांदा गरोदर होती, पाचवा महिना चालू होता. तांड्याचा प्रमुख डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे नाव पुढे जगभर झाले. मेरीचे नाव मात्र त्याच्या चरित्रांतून अधूनमधून डोकावते आणि पुन्हा लुप्त होते. वास्तविक, कुटुंबकबिल्यासह वाळवंट ओलांडण्याची तयारी म्हणजे काय असते, हे त्या तांड्यात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

मेरीचा जन्म १२ एप्रिल १८२१ रोजी ग्रिक्वाटाउन येथे झाला. रॉबर्ट मॉफट या स्कॉटिश मिशनऱ्याची ती थोरली कन्या. तिचे बालपण कुरुमानच्या मिशनवर, बारमाही झऱ्याच्या काठी गेले. सेत्स्वाना भाषा ती घरच्या भाषेसारखी बोलत असे. केप वसाहतीतील शाळेत जायचे तर आठवडेच्या आठवडे बैलगाडीत काढावे लागत. त्यामुळे मुक्काम कुठे टाकावा, बैल कधी सोडावेत, पीठ ओलसर हवेत कसे टिकवावे, या गोष्टी तिला कोणी मुद्दाम शिकवाव्या लागल्या नाहीत. १८३९ ते १८४३ या काळात ती आईवडिलांसह ब्रिटनमध्ये राहून आली. परतल्यावर वर्षभरातच, सिंहाच्या हल्ल्यात डावा हात जायबंदी झालेला लिव्हिंग्स्टन विश्रांतीसाठी कुरुमानला आला आणि जानेवारी १८४५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

पहिल्या काही वर्षांत या जोडप्याने तीन ठिकाणी बिऱ्हाड थाटले : माबोत्सा, चोनुआने आणि अखेरीस कोलोबेंग. बाक्वेना जमातीचा प्रमुख सेचेले याच्या आश्रयाने वसलेले हे गाव आजच्या बोत्सवानाच्या राजधानीपासून, गॅबरोनेपासून फार दूर नाही. साबण राखेच्या क्षारापासून घरीच तयार होई, मेणबत्त्या घरीच ओतल्या जात, लोणी घरीच घुसळले जाई. त्यातच पावसाने सलग पाठ फिरवली. नदी आटली, पिके गेली, कुरुमानहून येणाऱ्या धान्यावर दिवस काढावे लागले. मुलांना मांसाची इतकी हाव सुटे, की तेथील लोक खातात त्या जाड अळ्या आणि मोठे बेडूकही ती आवडीने खात. मेरीने याबद्दल कुरकूर केल्याची नोंद नाही. गावातील बायामुलांसाठी ती शाळा चालवीत असे. थोरल्या मुलाच्या नावावरून आईला ओळखण्याची तेथील रीत असल्याने सारे तिला ‘मा-रॉबर्ट’ म्हणत.

लिव्हिंग्स्टनचे मन मात्र एका जागी रमणारे नव्हते. १८४९ मध्ये विल्यम कॉटन ऑस्वेल आणि मुंगो मरे या दोन शिकाऱ्यांसह त्याने कलहारी ओलांडली आणि दोन महिन्यांच्या वाटचालीनंतर १ ऑगस्टला न्गामी सरोवर गाठले. यातील ऑस्वेल हा पूर्वी मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या मुलकी सेवेत होता. प्रकृती बिघडल्याने तो आफ्रिकेत आला आणि तेथे त्याने मोठा शिकारी म्हणून नाव कमावले. या सफरीचा बराचसा खर्चही त्यानेच उचलला होता. सरोवराच्या पलीकडे मकोलोलो लोकांचा प्रमुख सेबितुआने राहतो, त्याला भेटलेच पाहिजे, हा ध्यास घेऊन लिव्हिंग्स्टन परतला. पुढच्या खेपेस त्याने बायकोमुलांना सोबत घ्यायचे ठरविले.

त्या काळातील सफरीची गाडी म्हणजे चाकांवरचे घरच असे. लाकडी सांगाडा, वर जाड कापडाचे कमानदार छत, आत चामड्याच्या वाद्यांनी विणलेली बाज आणि पुढेमागे सामानाच्या पेट्या. ती ओढायला बारा ते वीस बैल लागत. वेग तासाला अडीच मैलांच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीहून कमीच. आसाला घालायला डांबर आणि चरबी हवी. कोरड्या हवेत चाकांचे लाकूड आक्रसून लोखंडी धावा सैल पडत, म्हणून सुताराची हत्यारे हाताशी हवीत. वाद्या तुटल्या तर नव्या करण्यासाठी कातडी हवीत. बंदुकीची दारू आणि शिसे शिकारीसाठी. मणी आणि कापड वाटेत देवघेवीसाठी, कारण नाण्यांना तिथे काही मोल नव्हते. शिध्यात पीठ, चहा, कॉफी, साखर. भाकरीपुरते म्हणायचे तर मेरीच्या कुटुंबात एक नामी युक्ती होती : वारूळ पोखरून त्याची भट्टी करायची, आत जाळ पेटवून ते तापवायचे आणि तोंडाला दगडी फरशी लावून पाव भाजायचा. महिनोन्महिने चालणाऱ्या प्रवासात तान्ह्या मुलाचे कपडे, अंथरुणे, औषधे आणि आंघोळपांघोळ सांभाळणे हे काम मात्र कोणत्याही यादीत लिहिले गेले नाही. ते मेरीचे आहे, हे गृहीतच होते.

पाण्यापुढे मात्र कोणतीच तयारी पुरत नसे. पिंपांत भरून घ्यायचे पाणी माणसांपुरते; डझनावारी बैलांना ते कोठून पुरणार? वाळूखाली ओलावा कुठे आहे, हे स्थानिकांनाच कळे. तेथील बायका वेताच्या नळीला गवताचा बोळा बांधून ती वाळूत खुपसत, तोंडाने पाणी ओढून शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांत साठवीत आणि वर वाळू सारखी करून टाकीत. पाहुण्यांची माणसे कुदळींनी, कासवांच्या कवचांनी, प्रसंगी नुसत्या हातांनी खड्डे उकरीत. पाणी खड्ड्यात झिरपायला रात्र जाई. आज गॅबरोनेहून न्गामीजवळच्या माऊन शहरापर्यंत डांबरी सडकेने मोटार एका दिवसात पोहोचते आणि छतावर तंबू बांधलेल्या गाड्यांतून कुटुंबे हौसेने त्या भागात तळ ठोकतात. त्यांच्याही सामानात पहिला क्रमांक पाण्याच्या डब्यांचाच असतो.

१८५० च्या त्या प्रवासात नदीच्या उत्तर काठाने वाट काढताना झाडे तोडावी लागली. शिकारीसाठी खणलेल्या खड्ड्यांत बैल पडून दगावले. न्गामीजवळ हस्तिदंताच्या शोधात आलेली काही इंग्रज मंडळी तापाने आजारी होती. मेरीच्या शुश्रूषेचा त्यांना उपयोग झाला. सरोवराच्या काठी मुलांनी पाण्यात मनसोक्त खेळून घेतले. लगोलग त्यांनाही तापाने गाठले. सेबितुआनेची भेट बाजूला ठेवून तांडा मागे वळला. हिवताप डासांमुळे होतो, हे सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉसने केलेल्या संशोधनातून स्पष्ट होण्यास आणखी सत्तेचाळीस वर्षे होती. दूषित हवा हेच कारण मानले जाई आणि त्यावरचा उपाय वाळवंटाच्या मोकळ्या वाऱ्यात परतणे हाच होता.

ऑगस्टमध्ये कोलोबेंगला एलिझाबेथचा जन्म झाला. सहा आठवड्यांतच ती दगावली. मेरीच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि प्रकृती सुधारण्यासाठी तिला कुरुमानला न्यावे लागले. पुढच्या वसंतात आपली मुलगी पुन्हा गरोदर असून जावई तिला पुन्हा उत्तरेकडे नेणार असल्याचे कळताच तिच्या आईने जावयाला अत्यंत कडक शब्दांत पत्र लिहिले. लिव्हिंग्स्टनने ते वाचले, आणि एप्रिल १८५१ मध्ये गाड्या जुंपल्या.

येथे चरित्रकारांची दोन मते पडतात. एक बाजू लिव्हिंग्स्टनला निर्दय ठरविते. दुसरी म्हणते, की मागे एकटे राहण्यापेक्षा मेरीला गाडीच बरी वाटत होती. दोन्हींत तथ्य आहे. तिच्यापुढे ठेवलेले पर्याय हेच दोन होते, आणि ते ठेवणारा हात तिचा नव्हता.

या खेपेस ऑस्वेल पुढे राहून विहिरी उकरवून ठेवीत गेला, म्हणून मुलांचे निम्मे हाल वाचले. पण मिठागरांच्या पलीकडील निर्जल पट्ट्यात वाटाड्या शोबो भरकटला आणि एके दिवशी दिसेनासाच झाला. गाडीतील पाणी एका नोकराने वाया घालविले होते. मुलांपुरते थोडे उरले, तेही संपत आले. पाणी जसजसे कमी होत गेले, तसतशी मुलांची तहान वाढत गेली. मेरीच्या डोळ्यांत पाणी होते, पण नवऱ्याला तिने एका शब्दानेही दोष दिला नाही, हे खुद्द लिव्हिंग्स्टननेच नोंदवून ठेवले आहे. पाचव्या दिवशी दुपारी शोधास गेलेली माणसे पाणी घेऊन परतली. पुढे त्सेत्से माशीने त्रेचाळीस बैल मारले. सेबितुआनेची भेट झाली; पण काही दिवसांतच तो निवर्तला. मुले आणि मेरी चोबे नदीकाठच्या तळावर थांबली आणि दोघे पुरुष घोड्यांवरून झांबेझीचे विशाल पात्र पाहून आले. परतीच्या वाटेवर, १५ सप्टेंबर १८५१ रोजी, बोतलेतले नदीच्या काठी मेरी प्रसूत झाली. मुलाचे नाव विल्यम ऑस्वेल ठेवले गेले.

त्यानंतर कुटुंबाची अशी सफर झाली नाही. २३ एप्रिल १८५२ रोजी केपटाउनहून मेरी चार मुलांसह ब्रिटनला निघाली. निघण्यापूर्वीच्या कपड्यालत्त्याचा खर्चही ऑस्वेलनेच केला. मागे बोअर लोकांच्या हल्ल्यात कोलोबेंगचे घर लुटले गेले. ब्रिटनमधील साडेचार वर्षे तिने पैशांच्या ओढाताणीत, आज या गावी तर उद्या त्या गावी काढली. सासरशी तिचे जमले नाही. १८५६ च्या डिसेंबरमध्ये पती परतला तो आफ्रिका आडवी ओलांडून, राष्ट्रवीर होऊन.

१८५८ मध्ये झांबेझी मोहिमेसाठी तीही धाकट्या मुलासह निघाली. वाटेत पुन्हा दिवस गेल्याचे कळल्याने तिला केपटाउनला उतरावे लागले. मोहिमेच्या वाफेच्या बोटीचे नाव तिच्यावरूनच ‘मा-रॉबर्ट’ होते; नावाची बाई मात्र त्या बोटीवर नव्हती. नोव्हेंबरमध्ये कुरुमानला ॲना मेरीचा जन्म झाला. मुलांना स्कॉटलंडमध्ये सोडून मेरी अखेर जानेवारी १८६२ मध्ये झांबेझीच्या मुखाशी पोहोचली. त्याच जहाजातून ‘लेडी न्यासा’ या नव्या बोटीचे सुटे भाग आले होते. ते वर नेण्यात तापाच्या त्या दलदलीत महिने गेले. २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा येथे मेरीचे हिवतापाने निधन झाले. वय एकेचाळीस. तेथेच गोरखचिंचेच्या एका झाडाखाली तिला पुरण्यात आले.

‘लेडी न्यासा’ लिव्हिंग्स्टनने स्वतः हाकारत हिंदी महासागर ओलांडून १३ जून १८६४ रोजी मुंबई बंदरात आणली. पुढे ती मुंबईतच विकली गेली आणि आलेला पैसा बँक बुडाल्याने गेला. वाळवंटातल्या गाडीत बसलेला थोरला रॉबर्ट त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेच्या यादवी युद्धात, युद्धकैदी म्हणून वारला. मुंबईहून लिव्हिंग्स्टन त्या उन्हाळ्यात मायदेशी परतला, तेव्हा पाच वर्षांच्या ॲना मेरीने आपल्या वडिलांना प्रथमच पाहिले.