लाकडी बदकांचे रंगारी लेम वॉर्ड

गोकुळ रोडपासून जवळच्या उणकल तळ्यावर पक्षी न्याहाळणाऱ्या हुबळीकरांना अमेरिकेतील या न्हाव्याचे चरित्र रुचेल. चेसापीक उपसागराकाठी क्रिसफील्ड गावी १८९६ साली लेम वॉर्ड जन्मले. वडिलांचा केशकर्तनाचा धंदा त्यांनी आणि वडीलबंधू स्टीव्ह यांनी चालविला. फावल्या वेळी स्टीव्ह लाकडाची बदके कोरीत आणि लेम ती रंगवीत. पाण्यावर सोडलेल्या या फसव्या बदकांना भुलून खरी बदके बंदुकीच्या टप्प्यात येत.

शिकारी आपली झिजलेली बदके रंगवून घेत. कधी जातही पालटून घेत. पण नुसत्या नावाने भूपाचा देसकार होत नाही. स्वर तेच असले तरी चलन बदलावे लागते. कॅनव्हासबॅक बदकाचे उतरते कपाळही रंगाखाली लपत नाही.

असा प्रत्येक नवा थर जुन्या कारागिराचा हात झाकतो, म्हणून संग्राहक मूळ रंगालाच अधिक मोल देतात. मात्र दुसऱ्यांच्या बदकांवर लेमनी चढविलेला रंग तेही जपून ठेवतात. १९८३ साली लेमना राष्ट्रीय वारसा सन्मान लाभला आणि १९८४ साली ते निवर्तले. चाकरी म्हणून दिलेला दुसरा हातच त्यांची सही ठरला.