महर्षी कर्वे आणि हिंगण्याची झोपडी



आपल्या सोनपेठ भागातली बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. तिथं गेल्यावर पहिलं काम म्हणजे कोप उभी करणं. बांबू रोवायचे, वर चटई नाहीतर पाचट टाकायचं, त्यावर ताडपत्री बांधायची. अवकाळी पाऊस आला की रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तुमच्यातल्या काहींनी हे स्वतः पाहिलंय. म्हणूनच आज एका झोपडीची गोष्ट सांगतो. ती १९०० साली पुण्याजवळ हिंगणे इथं उभी राहिली. ती उभी करणारे होते गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात, शेरवली या गावी झाला. बालपण गेलं दापोलीजवळच्या मुरुड गावात. घरची परिस्थिती बेताची. १८७५ साली त्यांना एक परीक्षा द्यायची होती आणि केंद्र होतं साताऱ्याला. दिवस पावसाचे, मध्ये सह्याद्रीचा घाट, अंतर शंभर मैलांहून जास्त. अण्णा आणि त्यांचे सोबती चालत निघाले. भिजत, चिखल तुडवत साताऱ्याला पोचले. पण अण्णांची अंगकाठी लहान. परीक्षा घेणाऱ्यांना ते सतरा वर्षांचे वाटलेच नाहीत. त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही! एवढी पायपीट फुकट गेली. तरी पोरगा खचला नाही, शिकतच राहिला. १८८४ साली बी.ए. झाला आणि पुढे १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला.

त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी बायको गेली की पुरुष लगेच दुसरं लग्न करी, तेही लहान मुलीशी. पण नवरा गेला की बाईचं आयुष्यच थांबे. केस काढायचे, एकवेळ जेवायचं, कोपऱ्यात बसायचं. सासर असो की माहेर, आपलं म्हणावं असं घर तिला उरत नसे. अण्णांनी ठरवलं, लग्न करायचं तर विधवेशीच. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई कर्वे, म्हणजेच बाया. मुरुडच्या लोकांनी अण्णांना वाळीत टाकलं.

पण एका लग्नानं प्रश्न सुटत नव्हता. १८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं आणि आपली हजार रुपयांची शिल्लक त्यात घातली. आश्रम आधी पुणे शहरात होता. तेवढ्यात १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. शहरात राहणं धोक्याचं झालं. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. एवढ्या पैशात काय होणार? एक साधी झोपडी झाली. अण्णांनी मोठ्या इमारतीची वाट पाहिली नाही. १९०० साली आश्रम त्या झोपडीत आला.

आता हिंगणे म्हणजे पुण्यातलं कर्वेनगर. तेव्हा मात्र ते शहरापासून चारेक मैल दूर, आडरानात होतं. धड रस्ताही नव्हता. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी हिंगण्याला चालत जायचं, हा अण्णांचा नेम. लागणारं सामानही बरोबर घ्यायचं. पावसाळ्यात पायवाटेचा नुसता रबडा होई. काळ्या रानातून चालताना आपल्या पायाला मातीचे गोळे चिकटतात ना, तसंच समजा. तरी अण्णांची खेप चुकत नसे. साताऱ्याच्या वाटेवर भिजलेला मुलगा आता दुसऱ्यांच्या मुलींसाठी भिजत होता.

झोपडीत राहणाऱ्या त्या बायका लिहायला, वाचायला शिकल्या. काही जणी पुढे शिक्षिका झाल्या. आनंदीबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्या मोठेपणी शिकल्या, आश्रमाचा कारभार पाहू लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली.

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं. १९१६ मध्ये तर अण्णांनी महिलांसाठी विद्यापीठच काढलं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. तेच आजचं एस.एन.डी.टी. विद्यापीठ. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचं निधन झालं. ती झोपडी मात्र कर्वेनगरला जपून ठेवलेली आहे. पुण्याला गेलात तर नक्की बघा.

मुलांनो, झोपडी काय, वाऱ्यापावसानं कधीही पडू शकते. ही टिकली, कारण तिच्याकडे रोज चिखलातून चालत येणारं माणूस होतं. आपल्या वर्गातला एखादा मित्र, एखादी मैत्रीण ऊसतोडीच्या फडावर गेली असेल, तर तिची वही कोरी राहू देऊ नका. परत आल्यावर तिच्या शेजारी बसा आणि राहिलेला धडा तिला समजावून सांगा.

विचार करा :
१) अण्णांनी मोठी इमारत होईपर्यंत वाट पाहिली असती तर काय झालं असतं?
२) तुमचं घर किंवा कोप पावसापासून कशी वाचवता? घरच्यांना विचारून दहा ओळी लिहा.