मुंबईत स्वतःची ऑडिट फर्म असलेला माणूस अमेरिकेत डिग्री घ्यायला गेला आणि परत येऊन थेट वर्ध्याचा झाला

ग्रॅज्युएशनचा निकाल लागला की आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. सामाजिक संस्थेत काम करायचंय, पुढे काय शिकू? एमएसडब्ल्यू, एमबीए, पब्लिक पॉलिसी की डेव्हलपमेंट स्टडीज? मग प्रत्येक जण आपापल्या कोर्सची जाहिरात करतो. कुणीतरी फीचा आकडा टाकतं आणि ग्रुप शांत होतो.

या प्रश्नावर सल्ला देण्याएवढा माझा अभ्यास नाही. मात्र जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हाच घोळ घातला होता, त्याची गोष्ट सांगता येईल. त्याचं नाव जे. सी. कुमारप्पा. गांधींचे अर्थतज्ज्ञ म्हणून शाळेच्या पुस्तकात कुठेतरी ओझरतं वाचलं असेल. वर्ध्याकडच्या मंडळींना नाव चांगलं माहीत असतं.

जन्म ४ जानेवारी १८९२, तमिळनाडूतल्या तंजावरचा. घर ख्रिश्चन, शिकलेलं, सुस्थितीतलं. वडील सरकारी बांधकाम खात्यात. मुलाचं नाव ठेवलं जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव त्यांनी नंतर, वयाच्या तिशीत लावायला सुरुवात केली.

पोरगा लंडनला गेला आणि अकाउंटंट झाला. तिथेच काही वर्षं नोकरी केली. आईने परत बोलावलं म्हणून १९१९ च्या सुमारास भारतात आला आणि मुंबईत जम बसवला. पुढे भागीदारीत स्वतःची फर्म काढली, नाव कॉर्नेलियस अँड डावर. कपडे, बोलणं, राहणी सगळं पक्कं इंग्रजी. आजच्या भाषेत सांगायचं तर लाइफ सेट होती.

तरी १९२७ मध्ये, पस्तिशीत, हा गडी अमेरिकेला गेला आणि पुन्हा विद्यार्थी झाला.

आधी सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. १९२८ मध्ये ती पदवी हातात आली. इथवरची निवड सरळ होती. हिशोबाचा माणूस, धंद्याचं शिक्षण, परत येऊन फर्म अजून मोठी. गाडी रूळ बदलते ती यानंतर.

पुढच्या शिक्षणासाठी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले. विषय होता पब्लिक फायनान्स, म्हणजे सरकारी पैशाचा हिशोब. सरकार कर कुणाकडून घेतं, तो पैसा कुठे जातो आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे त्यातलं किती परत येतं. प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन. हे नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटायला हवं, कारण काही वर्षं आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकले होते. बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ मध्ये आला, त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. दोघांच्या वाटा पुढे पार वेगळ्या झाल्या. पण ब्रिटिशांच्या जमाखर्चात घुसायचं हत्यार दोघांनाही एकाच माणसाच्या वर्गात मिळालं. मला हे वाचलं तेव्हा भारी वाटलं होतं.

तर झालं असं की, अमेरिकेत कुमारप्पांनी एका चर्चमध्ये भारत गरीब का आहे यावर भाषण दिलं. त्याची बातमी पेपरात आली आणि ती सेलिग्मन यांच्या वाचनात आली. त्यांनी सुचवलं की प्रबंधाचा विषय हाच घ्या.

कुमारप्पा आकडे घेऊन बसले. वर्षानुवर्षं कंपन्यांची वहीखाती तपासलेला माणूस आता एका साम्राज्याची वही तपासत होता. आणि त्यातून त्यांना दिसलं की कराचा भार गरिबावर जास्त पडतोय, खर्च मात्र लष्कर, प्रशासन आणि कर्जफेडीवर होतोय आणि गावाकडे त्यातलं फारच थोडं वळतंय. ब्रिटिश राज्याबद्दल त्यांचा जो काही चांगला समज होता, तो या प्रबंधाने संपवला. कुठल्या सभेतल्या भाषणाने नव्हे, बजेटच्या रकान्यांनी.

१९२९ मध्ये ते परतले. हातात हस्तलिखित होतं आणि ते छापायचं होतं. कुणीतरी सांगितलं, गांधींना दाखवा.

९ मे १९२९, साबरमती आश्रम. कुमारप्पा सुटाबुटात, हातात काठी, ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी पोचले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला. हे उभे राहून बघत राहिले. थोड्या वेळाने त्या म्हाताऱ्याने विचारपूस केली तेव्हा कळलं, गांधी हेच. मग महागड्या पँटची पर्वा न करता कुमारप्पा तिथेच जमिनीवर बसले.

गांधींनी प्रबंध आपल्या यंग इंडियात क्रमशः छापायचं कबूल केलं. आणि वर एक काम सांगितलं. गुजरातच्या एका ग्रामीण भागाची आर्थिक पाहणी करायची, मदतीला गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी.

आता इथे डिग्री कमी पडली, बरं का.

विद्यापीठाचे प्रमुख होते आपले सातारचे काका कालेलकर. समोर बसलेल्या साहेबाला ना गुजराती येत होती ना हिंदी. हा खेड्यात जाऊन कुणाशी काय बोलणार? कालेलकरांनी फारसा उत्साह दाखवला नाही आणि कुमारप्पा मुंबईला परत आले. पुढे गांधींनी मध्ये पडून हा गुंता सोडवला. पण कालेलकरांची शंका चुकीची होती असं मला वाटत नाही. कोलंबियाच्या प्रमाणपत्रावर शेतकरी आपल्या घरचं कर्ज सांगत नाही. त्यासाठी भाषा लागते, ओसरीवर बसावं लागतं. कुमारप्पांना ती उणीव विद्यार्थ्यांच्या साथीने भरून काढावी लागली.

खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात ही पाहणी झाली. घरटी उत्पन्न किती, खर्च किती, देणं किती, जनावरं किती, शेतसारा किती. लोक गरीब आहेत हे सांगायला सर्व्हे लागत नाही. नेमके किती गरीब आणि शेतसारा भरल्यावर हातात काय उरतं, हे सांगायला लागतो. अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज प्रत्येक संस्था प्रकल्प सुरू करण्याआधी बेसलाइन सर्व्हे करते ना, तसलंच हे काम, फक्त एक्सेल शीट नव्हती. मधल्या काळात मिठाचा सत्याग्रह झाला, यंग इंडियाच्या संपादनाची जबाबदारी आली आणि तुरुंगवासही झाला.

मग आलं १९३४. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. देशभरातून मदतीचा पैसा यायला लागला. मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती आणि एवढा पैसा सांभाळायला विश्वासू माणूस हवा होता. कुमारप्पांना बोलावलं गेलं.

अडचण अशी की आपत्तीत घाई असते. कार्यकर्ता रात्रंदिवस राबतोय, त्याच्याकडे पावती मागायची कशी? कुमारप्पांनी मागितली. स्वयंसेवकाच्या जेवणासाठी दिवसाला तीन आणे ठरवले, नियम सगळ्यांना सारखा. नंतर गांधी आपल्या माणसांसह बिहारमध्ये आले. त्यांचं दूध, फळं, गाडीचं पेट्रोल हे काही तीन आण्यांत बसणारं नव्हतं. कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना सांगून टाकलं की हा खर्च मदतनिधीतून होणार नाही, तुमची सोय तुम्ही बघा. गांधींना हे कळल्यावर त्यांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि मान्य केलं.

आणखी एक किस्सा सांगितला जातो. कुमारप्पा हिशोब बंद करण्याच्या गडबडीत असताना गांधी भेटायला आले. वेळ आधी ठरलेली नव्हती. यांनी भेट नाकारली.

खुद्द गांधींना! विचार करा.

संस्थांमध्ये काम करणारे माझे काही मित्र आहेत. त्यांच्याशी बोलताना कळतं की त्यांचे सगळ्यात वाईट दिवस फील्डवरचे नसतात, ऑडिटच्या आठवड्यातले असतात. व्हाउचर सापडत नाही, एका देणगीदाराचा पैसा दुसऱ्याच कामाला गेलेला असतो. कुमारप्पांना हे प्रकरण मुळातच समजत होतं. लंडनचं अकाउंटन्सी आणि न्यूयॉर्कचं पब्लिक फायनान्स, दोन्ही बिहारमध्ये एकत्र कामाला आलं. तसं पाहिलं तर समाजकार्याची डिग्री त्यांना भारतात मिळालीच नसती. ते पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे सुरू झालं १९३६ मध्ये, मुंबईत. आज ज्याला टिस म्हणतो तीच ही संस्था.

त्याच १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर दिलं, तेच मगनवाडी. १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाण्याआधी गांधीही काही काळ इथेच राहत होते.

मगनवाडीत चालायचं काय? तेलाची घाणी सुधारायची, म्हणजे त्याच बैलाच्या कष्टात जास्त तेल निघेल. हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन, साबण. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगनदीप नावाचा दिवा. खेड्यात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी शिक्षणवर्ग. प्रत्येक धंद्यात कच्चा माल किती, मजुरी किती, हातात काय पडतं, याचा हिशोब. सुटातले कुमारप्पा केव्हाच खादीत आले होते. लग्न त्यांनी केलं नाही.

त्यांचे सगळे अंदाज खरे ठरले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. गिरण्यांपुढे गावातल्या बऱ्याच घाण्या बंद पडल्या, आणि स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या उद्योगांचा रस्ता धरला. कुमारप्पांनी त्यावर जाहीर टीका केली, अगदी जवळच्या सहकाऱ्यांवरही. काँग्रेसच्या शेती सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते, पण सत्तेच्या वर्तुळात त्यांचं मन रमलं नाही. काही काळ वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोहला आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. प्रकृती ढासळल्यावर मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले.

पुस्तकांचं मात्र वेगळं झालं. चळवळीत पुन्हा तुरुंगात गेल्यावर जबलपूरच्या कोठडीत त्यांनी इकॉनॉमी ऑफ परमनन्स लिहिलं. निसर्गातून घेतलेलं भरून निघेल अशा बेताने जगायचं, असा त्याचा साधारण गाभा. पुढे शूमाखर यांच्या १९७३ च्या स्मॉल इज ब्युटिफुलमध्ये कुमारप्पांचा आधार घेतलेला सापडतो.

लोक त्यांना डॉ. कुमारप्पा म्हणायचे. कोलंबियाची त्यांची पदवी एमएची. डॉक्टर त्यांना गांधींनी केलं, ग्रामोद्योगाचे डॉक्टर, तेही एका प्रस्तावनेत.

३० जानेवारी १९६० ला त्यांचं निधन झालं. गांधींच्या बाराव्या पुण्यतिथीच्या दिवशी.

सेवाग्राम बघायला जाणारे बरेच जण वर्धा शहरातलं मगन संग्रहालय बघत नाहीत. १९३८ च्या डिसेंबरात गांधींच्या हस्ते ते उघडलं होतं. पुढच्या वेळी गेलात तर तासभर हाताशी ठेवा.